कॅमेऱ्याची गोधडी

मी मूळची गुहागरकडची. आईने हातात सुई दिली ती पाटीच्या आधी, गोधडीचा धावदोरा घालताना बोटं टोचायची आणि आई बोलायची, रड हवं तेवढं, पण टाका वाकडा जाता कामा नये. लग्न होऊन परळला आली. आमचे हे सिनेमाच्या कॅमेऱ्यावर कामाला होते, पण हिरो-हिरोइनचे सिनेमे नव्हेत हां, माहितीपट, कुठे धरण बांधलं, कुठे लस टोचली, असले. हे कॅमेरा अटेंडंट, म्हणजे पेट्या उचलायच्या, फिल्म भरायची, भिंग पुसायचं. तो कॅमेरा फ्रेंच. कंपनीचं नाव मला आयुष्यभर नीट म्हणता आलं नाय, आम्ही घरात त्याला फ्रेंचबाळ म्हणायचो.

आता काय सांगू तुम्हाला ताई, त्या फ्रेंचबाळाला एक खोड होती, चालू केला की घुर्र घुर्र करायचा, आणि आवाज भरून घेणारे साहेब डोकं धरून बसायचे, समोरची म्हातारी काय सांगते त्यापेक्षा तुमचं मशीनच जास्त बोलतं म्हणायचे. एक दिवस हे घरी येऊन बोलले, ह्याला गोधडी शिवशील का. मी बोलली, शिवीन, पण ज्याला घालायची त्याला बघितल्याशिवाय नाय. मग बाहेरगावच्या शूटिंगला निघताना टॅक्सी थांबवून वर घेऊन आले. खाटेवर ठेवला तर अख्खी चाळ बघायला जमली, जसं काय बारसंच. माझ्या जुन्या सुती साड्यांचे थर घातले, मध्ये कापूस, भिंगाला भोक, बटणाला खिडकी. आवाज दबला. ते साउंडवाले साहेब आमच्या ह्यांना बोलले, तुझ्या बायकोला नमस्कार सांग.

तर पुढे फ्रान्सहून कंपनीचे एक साहेब आले, लुसियाँ नावाचे, कॅमेरे तपासायला. त्यांनी ती गोधडी बघितली आणि हटूनच बसले की जिने शिवली तिला भेटायचंय. आले की हो परळला! उंच माणूस, दारात डोकं आपटलं. खाली मांडी घालून बसले, सोलकढी प्यायले, आणि हात हलवून हलवून बोलत राहिले, आमचे हे आपल्या मोडक्या इंग्लिशने समजून घेऊन मला मराठीत सांगायचे. ते तिघे मित्र, मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून निघालेले, कारण त्यांच्या मनात असा कॅमेरा होता जो एका माणसाला खांद्यावर घेऊन कुणाच्या स्वयंपाकघरात जाता येईल, डोंगरावर चढता येईल. मोठ्या कंपन्या हसल्या. मग डोंगराखालच्या एका गावात, हातमोजे शिवायचा कारखाना बंद पडला होता तो त्या तिघांनी घेतला, आणि तिथल्या शिवणाऱ्या बायकांनाच कॅमेरा जोडायला शिकवलं. एका बाईने एक कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! मी बोलली, म्हणजे आमच्यासारख्याच की त्या.

साहेब नमुना घेऊन गेले, आणि मग तिकडून मागणी यायला लागली. कितीतरी वर्षं मी शिवल्या, शेजारची सावित्री कापूस पिंजायला यायची. नवीन कॅमेरा निघाला की साहेब त्याचा लाकडी ठोकळा पाठवायचे, त्यावर मी बेतायची. मग त्यांनी असा कॅमेरा केला की आवाजच नाय. कंपनीचं नाव झालं, बक्षिसं मिळाली, आणि मला वाटलं, झालं, आता गोधडी कोणाला हवी. तर साहेबांचा निरोप आला, थंडीवाऱ्यात लागते, लोक मागतात, शिवत राहा. शिवत राहिली. पण पुढे व्हिडिओ आला, आमच्या ह्यांच्याच हाताला काम उरलं नाय तर माझ्या कुठून. हे रिटायर झाले, मग गेले. आणि मी इकडे परदेशात, टौरंगाला, मंगेशकडे आली, माझा मुलगा, बंदरावर कंप्युटरचं बघतो.

इथे येऊन दोनेक वर्षं झाली असतील, मंगेश एका संध्याकाळी फोनमध्ये बघून बोलला, आई, तुझी फ्रेंच कंपनी बंद पडली गं. फिल्म गेली, डिजिटल कॅमेरा करायला गेले, त्यातच बुडाले. मी भाजी निवडत होती. ज्या गावाला मी कधी गेली नाय, तिथल्या त्या बायका डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, त्या दिवशी जेवण गेलं नाय मला.

मग एकदा हिवाळ्यात नातीबरोबर, ओवीबरोबर, ऑप शॉपमध्ये गेली, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. तिला कोट हवा होता. आणि वरच्या फळीवर फ्रेंचबाळ! अंगात गोधडीसकट! वरचं कापड बघूनच कळलं, कुठल्या वेळची ती. कॅफेवाला एक माणूस काउंटरवरच्या बाईला सांगत होता की मला तो कॅमेरा शोभेला हवाय. मी मध्ये जाऊन बोलली, थांबा, ती गोधडी माझी. ओवी बोलली, आजी, आर यू शुअर? मी बोलली, सांग तिला, भिंगाच्या भोकाची घडी उलटी कर, आत हिरव्या साडीचा पिवळा काठ असेल, डोहाळजेवणाची साडी माझी, विरली तेव्हा घातली. त्या गोऱ्या बाईने खाली काढला, घडी उलटली. पिवळा काठ.

ती मटकन बसलीच स्टुलावर. जोन तिचं नाव, दुकानात फुकट सेवा करायची, आणि कॅमेरा तिच्याच नवऱ्याचा. तो दक्षिणेकडच्या थंड बेटांवर पाखरांची फिल्म काढायचा. तो गेल्यावर घरात बघवेना म्हणून तिने त्याच सकाळी आणून फळीवर ठेवलेला. ती बोलली, गारठ्यात बाकीच्यांचे कॅमेरे अडकायचे, ह्याचा नाय, आणि तंबूत झोपताना हे कव्हर तो डोक्याखाली घ्यायचा. ओवी सांगत होती आणि स्वतःच रडत होती, मराठीत सांगत होती हां, एरवी इंग्लिशशिवाय तोंड उघडत नाय. कॅफेवाला बिचारा चांगला माणूस, नो वरीज, स्वीट ॲज, म्हणजे काय हरकत नाय, असं म्हणून निघून गेला. जोनने कॅमेरा पोटाशी धरला आणि मला बोलली, घरी चल.

तेव्हापासून जाते मी. तिला माझं इंग्लिश कळत नाय, मला तिचं. कॅमेऱ्याच्या गोधडीचा विरलेला कोपरा मी नीट करून दिला. कधी ती नवऱ्याच्या फिल्मा भिंतीवर दाखवते, एवढाली पांढरी पाखरं, वारा, आणि आम्ही दोघी पाय शेकत बघतो. आता तिला स्वतःसाठी गोधडी हवीय, ती घेतलीय हातात. नजर कमी झाली, सुईत दोरा ओवी ओवून देते.

लुसियाँ साहेब आहेत की नाय कोण जाणे. त्या गावातल्या बायका माझ्याएवढ्याच झाल्या असतील, कुणाचे गुडघे गेले असतील, कुणाचे डोळे. मी रोज दिवा लावते तेव्हा त्यांचंही नाव घेते, म्हणजे नावं कुठे ठाऊक आहेत मला, नुसतं म्हणते, त्या बायकांचे हात दुखू देऊ नकोस रे बाबा.