यंदा समुद्र

शेवटी हिलरी बोटीत चढलीच नाही. पण ते अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू. अजून आम्ही डोव्हर बंदरातल्या रांगेत आहोत. माझ्यापुढे हिलरी, तिचा नवरा नायजेल आणि मुलगी आल्मा.

"नायजेल, यंदा समुद्र म्हणाला होतास ना?"

"समुद्रच आहे गं. नॉर्मंडी. वाळू, लाटा, सगळं."

"लोक पाण्यात उतरतात तिथे?"

"चव्वेचाळीस साली, महायुद्धात, पुष्कळ उतरले होते."

"गेल्या वर्षी डोंगर म्हणालास. वर किल्ला निघाला."

"किल्ले डोंगरावर बांधतात, त्याला मी काय करू?"

"आणि हनिमूनला वॉटर्लू."

"मोकळी हवा हवी, असं तूच म्हणाली होतीस."

"बाबा, माझं नाव तरी आजीवरून ठेवलंय ना?"

"आजीचं नाव डोरिस होतं, बाळा. आल्मा ही क्रायमियातली लढाई. आपण जिंकलो होतो."

"मला तू नदीचं नाव म्हणून सांगितलं होतंस, नायजेल."

"नदीकाठीच झाली ना लढाई."

"मला आठवडाभर नुसतं पडून राहायचंय रे. जिथे कोणीही शौर्य गाजवलेलं नाही, अशा जागी. तुम्ही दोघं जा. मी इथेच बाकावर बसते."

"बस की. तिथून डोव्हरचा किल्ला फार छान दिसतो."

हिलरीने मान वर करून बघितलं. मग रांगेतून बाहेर पडून ती पिवळ्या जाकिटातल्या कर्मचाऱ्याकडे गेली.

"बंदर व्यवस्थापनास नम्र विनंती आहे, की माझे कुटुंबीय परत येईपर्यंत सदर किल्ला येथून हलवण्यात यावा."