वहीत नाव नसलेला बाप

आयुष्यात एकदाच माझ्यावर कुणी संशय घेतला, अन् त्या बाईंचे उपकार मी अजून विसरलो न्हाई.

भोकरदनहून टेंभुर्णीपर्यंत पोरांची सायकल सहल गेल्ती. संध्याकाळी मी आडतीच्या दुकानावरून थेट शाळेच्या मैदानावर गेलो, पोरीला न्यायला. सहलीच्या बाई जालन्याच्या. त्यांनी वही उघडली.

"तुमचं नाव न्हाई हिच्यात."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

पोरगी म्हणाली, "हो बाई, हे पप्पाच हायेत."

"असतील बेटा. पण न्यायला आई येणार असं लिहिलंय. त्यांना येऊ दे."

मी तापलो, आवाज चढवला. बाई बिलकुल हलल्या न्हाईत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् पोरीला आपल्या मागं उभं केलं.

अर्ध्या तासानं बायको आली. बाईंनी विचारलं, "यांना ओळखता?"

बायकोनं मला खालून वर पाह्यलं. "ओळखते. पण हे कधी पोरीला न्यायला येतील असं वाटलं न्हवतं."

घरी येईपर्यंत मी धुसफुसत होतो. मंग जेवताना डोक्यात आलं, जी बाई बापाला पोरगी देत न्हाई, ती दुसऱ्या कुणाला देईल का?

पुढच्या वर्षी सहलीचा फॉर्म मी स्वतः भरला, न्यायला येणार म्हणून माझंच नाव लिहिलं. न्यायला गेलो तर बाईंनी पुन्हा वही उघडली.

"नाव सांगा."

"ओळखलं न्हाई का बाई?"

"चांगलं ओळखलं. तरी सांगा."

एवढ्या खुशीनं मी माझं नाव कधीच कुणाला सांगितलं न्हाई.