चढते, उतरते, बराबर

मंडळी, बसा. सतरंजी आखूड आहे, जरा सरकून घ्या. यमुनावहिनी, ताप उतरला का? दगडूशेठ, खोकला? मास्तर, तुमचा गुडघा काय म्हणतो? सगळे म्हणता, "बरं आहे." आपले गोविंदराव इथं असते तर एवढ्यावर सोडते का? विचारते, "बरं म्हणजे किती बरं?"

आज त्यांचा तेरावा झाला. हिंगोलीतल्या त्यांच्या रेडिओच्या दुकानात मी, हा नारबा मिस्त्री, कितीतरी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. बोलायला उभा राहिलो. दुःखानं उभा राहिलो, असं म्हणणार होतो. खरं सांगू? निम्मा रागानं उभा आहे.

ही उदबत्ती बघा. कशात खोवली आहे? पत्र्याच्या डबीत. डबीवर गोविंदरावांच्या अक्षरात लिहिलंय, 'चढते'. शेजारी अष्टगंधाची डबी. तिच्यावर, 'उतरते'. तिसरी 'बराबर'. तिच्यात दगडूशेठ, तुम्ही सुपारी भरून ठेवलीत! आणि आतला माल? त्यांच्या पुतण्यानं, या रघुनाथानं, दुकान झाडताना तिन्ही डब्या एका घमेल्यात ओतल्या.

मी ओरडलो, "अरे, काय करून राहिला?"

तर हा मिशीवाला मला म्हणतो, "काका, रंग तर सगळ्यांवर एकच हाय. काहून चिडता?"

काहून चिडतो? ऐका. रेडिओत विजेची वाट अडवायला एक छोटा तुकडा असतो. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. तो किती अडवणार, हे त्याच्यावर रंगात लिहिलेलं असतं. टोकाला रुपेरी रंग असला तर शंभरात दहा इकडंतिकडं. रंगच नसला तर शंभरात वीस. म्हणजे शंभराचा म्हणून घेतलेला ऐंशीचाही निघेल, एकशेवीसचाही. पाच घरच्या पाच जणींना मूठभर मीठ टाकायला सांगा. मूठ प्रत्येकीची खरीच. भाजी मात्र पाच चवींची! कारखाना फसवत नाही, आधीच सांगतो. आपणच वाचत नाही.

गोविंदराव वाचायचे. वाचूनही विश्वास ठेवायचे नाहीत. एकेक तुकडा मीटरला लावायचे. जास्त भरला तर 'चढते' डबीत, कमी भरला तर 'उतरते', नेमका भरला तर 'बराबर'. दारात गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी वैतागायचो, "अहो, सोनं तोलून राहिले का?"

ते म्हणायचे, "सोनं तोलणाऱ्याला कोणी हसत न्हाई, नारबा. मलाच तेवढं हसता."

हसलो, मंडळी. मीही हसलो. आणि आज त्यांच्या पत्नीच्या, यमुनावहिनींच्या समोर एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायलाच उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. शिरड शहापूरच्या पाटलांचा बॅटरीवरचा रेडिओ दुरुस्तीला आला. त्याच्या व्हॉल्व्हांना, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांना, दोन व्होल्टच लागायचे. मीटरचा काटा दोनावर येईपर्यंत खुंटी पिळायची, की काम झालं. गोविंदराव औंढ्याला गेले होते. त्यांचा मीटर त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, हात्तिच्या, आपणच एक मीटर करू! टोकाला रंग नसलेले तीन रेझिस्टन्स उचलले, न मोजता जोडले. मनात हिशेब असा, की एखादा वर असेल, एखादा खाली असेल, गोळाबेरीज जमून जाईल.

नाही जमली. तिन्ही चढते निघाले, वीज जास्त अडवली, म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला. काटा दाखवी दोन, आत जात होते सव्वादोनच्याही वर. महिनाभरात पाटलांच्या रेडिओचा आवाज बसला. व्हॉल्व्ह गेले. लढाईत नवे आणायचे कुठून?

गोविंदरावांनी माझा मीटर उघडला. मोजला. मला एवढंच म्हणाले, "एका खोक्यातले तिन्ही घेतले व्हय? एका भट्टीच्या विटा एकाच अंगाला वाकतात, बाबा."

पाटील आले ते गरजतच. "कोणी जाळला माझा रेडिओ?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोविंदराव म्हणाले, "चूक माझ्या हातची हाय, पाटील. संध्याकाळी घेऊन जा." आणि संध्याकाळी पाटलांचा रेडिओ बोलायला लागला.

वहिनी, तुम्ही विचारायचात, रेडिओवाल्याच्याच घरचा रेडिओ मुका कसा? ते म्हणायचे, सवड नाही. सवड होती हो. त्यातले व्हॉल्व्ह शिरड शहापूरला गेले होते. माझ्यापायी. पुढं लढाई संपली, तरी त्या जुन्या जातीचे व्हॉल्व्ह परत मिळाले नाहीत, आणि ते स्वतः मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून बातम्या ऐकत राहिले. मी गप्प बसलो. एवढा माणूस वरचेवर विचारायचा, किती बरं, किती खरं, आणि मी त्याच्या घरात खोटा काटा होऊन बसलो होतो. आज सांगितलं. माफी मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

आता रघुनाथ. तू उद्या दुकान उघडणार म्हणतोस. त्या घमेल्यातला एकही तुकडा कुणाच्या रेडिओत घालू नकोस. मी काय केलं ते ऐकलंस ना? आपण दोघं बसून सगळे परत मोजू. डब्या आजच मोकळ्या करा. दगडूशेठ, सुपारी खिशात घाला!

पण मोजायचं कशानं? गोविंदरावांचा खरा मीटर, तो लाकडी पेटीतला, दुकानात नाही. त्यांनी कुणाला तरी वापरायला दिला होता आणि नाव काही लिहून ठेवलं नाही. जन्मभर सगळं लिहिणारा माणूस, हेच नेमकं लिहिलं नाही! काय म्हणावं? सेनगावकडचे पाहुणे, गावी विचारा. ज्याच्याकडं असेल त्यानं दोन ओळींचं कार्ड टाकावं, मी स्वतः येऊन नेईन. पण लवकर लिहा. तोवर दुकानाचं दार मी उघडू देणार नाही.

उठा आता. दोन मिनिटं शांत उभे राहू. मास्तर, तुमचं घड्याळ पुढं, माझं मागं. राहू द्या, दोन्ही नकोत. मी हात खाली केला की बसा. थोडं जास्त झालं तर होऊ द्या. त्यांच्यासाठी आज चढतंच असू दे.