गाडी चालवता ना?

...आणि वर मलाच विचारतात, "गाडी चालवता ना?" अहो, चालवतो! हातांनी चालवतो! तुम्हाला सांगतो, अपघाताला नऊ वर्षं झाली, कमरेखाली माझे पाय नुसते शोभेचे. ब्रेक हाताशी, ॲक्सिलरेटर हाताशी, अशी ती गाडी सरकारी अपंग भत्त्यातूनच मिळालेली. भत्ता गेला की गाडी परत, गाडी गेली की माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद... एवढं सगळं भत्ता चालू ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या एका तपासणीवर टांगलेलं, आणि मी काय करावं? फुशारकी मारली!

तपासणीच्या बाई भलत्या गोड. "इथवर कसे आलात?" झालं! शहाण्या माणसानं म्हणावं, फार हाल झाले हो. पण माझी जीभ! म्हटलं, "गाडीनं! तुमच्या त्या बोळात एका दमात रिव्हर्स घातली, वॉचमन बघतच राहिला!" बायको म्हणे टेबलाखालून चिमटे काढत होती. कुठं? मांडीला! नऊ वर्षं हे पाय उचलतेय, आणि चिमटा मांडीलाच? मला काय कळणार, कपाळ?

बाईंनी पेन उचललं. "अंघोळीला मदत लागते?" लागते. "पण गाडी चालवता ना?" चालवतो. "जिना?" जिन्याकडे मी खालून बघतो, बाई. "पण गाडी चालवता ना?" अहो, म्हणजे काय, गाडी घेऊन न्हाणीघरात शिरू? हॉर्न वाजवत जिना चढू?

गाडीत बसलो की मी राजा हो! पण उतरायचं म्हटलं की ही डिकीतून व्हीलचेअर काढणार, काखेत हात घालून मला ओढणार, हिची कंबर धरणार... ते त्यांनी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मीही सांगितलं नाही. लाज वाटली. बायको शेजारी बसलेली असताना कसं म्हणायचं, की ही मला उचलते?

पंधरा दिवसांत पत्र! 'अर्जदार उत्तम वाहन चालवतात, सबब हालचालीस अडचण दिसत नाही. भत्ता बंद.' सोमवारी दोघं आले, गाडी घेऊन गेले. दुकानाला कुलूप. आता दाद मागायची तर जातीनं हजर राहायचं, तेही पार गावाबाहेरच्या मोठ्या कचेरीत! फोन लावला. म्हटलं, तिथं बस येते का हो?

"छे हो," कारकून म्हणाला, "पण तुम्ही अजिबात काळजी करू नका, अपंगांच्या गाड्यांना पार्किंग अगदी दारात ठेवलंय!"

म्हटलं, वा, सोय चांगली केलीत.