निर्गुडीची टोपली

एव्रोतास नदीकाठानं बस चालली होती. पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या. मागे बसलेल्या मारूलाचे कान तिकडेच होते.

“ताई, पांतेलिसनं पुन्हा लग्नाचं विचारलं.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, नदीवरच्या निर्गुडीची टोपली विणून दे, मग बघू.”

“फुलांसकट भारा आणला असेल मेल्यानं!”

“हो ना! अंगणभर मधमाश्या.”

“विणली?”

“झकास. तरी मी म्हटलं, कडी ढिली आहे.”

“होती?”

“छे गं! पण विणताना गातो छान.”

“लेमोनिया, आता हो म्हणून टाक.”

“म्हटलं काल.”

“अगंबाई! खरंच? हळू बोल. लोक ऐकतील तर काय म्हणतील?”

“ऐकतायत की. मागच्या बाईंनाच विचार.”

मारूला दचकली. मग हसून म्हणाली, “लग्नाला मलाही बोलवा.”