टिपेशेजारची भोकं

दुकानदार : ...आणि ह्या मशीनमध्ये दोनशे प्रकारचे टाके आहेत, बाई. पानं, वेली, बदकं. बटण दाबलं की बदकांची रांग.

थोरली : बदकं पांघरून कोण झोपणार? मला एक टाका पुरतो. सरळ.

धाकटी : जाऊबाई, ते नुसतं दाखवताहेत. आपण कामाचं बघू. सुई आणि खांबाच्या मध्ये किती जागा आहे हो? गोधडीची गुंडाळी आत मावायला हवी. जुन्या मशीनवर शेवटी शेवटी दोघींना ढकलावी लागते, दारातून कपाट काढावं तशी.

दुकानदार : नऊ इंच. घरगुती मशीनमध्ये याच्यापेक्षा जास्त जागा माझ्याकडे नाही.

थोरली : नऊ इंच लागतात कुणाला? तुला. गोधडीवर टिपा मारणं तुझ्याकडे. तुकडे मी जोडते. चौकोनाला चौकोन जोडायला वीतभर जागा पुष्कळ झाली.

धाकटी : दोघींसाठीच घेतोय ना आपण.

थोरली : घरून निघाल्यापासून चौथ्यांदा सांगितलंस.

दुकानदार : जुनी किती वर्षं चालवलीत, बाई?

थोरली : सव्वीस. ही लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पहिलं वर्षभर माझ्यासमोर बसून स्वतःच्याच टिपा उसवत होती.

धाकटी : रडत रडत.

थोरली : रडलीस. पण शिकलीस.

दुकानदार : मग एवढी सोबतीण बदलायची का?

थोरली : भरकटते. चांगली चाललेली टीप मध्येच वाकडी होते. काठापासून पाव इंच सोडून शिवायचं, तर कुठे पाव, कुठे त्याच्या निम्मं. मग चौकोनांचे कोपरे जुळणार कसे? मी म्हटलं, माझाच हात बिघडला असेल. तर ही म्हणाली, छे हो जाऊबाई, मशीनच म्हातारी झालीय.

धाकटी : झालीच आहे.

थोरली : मी विचारलं, मग तुझी टीप तिच्यावर सरळ कशी येते? म्हणाली, मला तिची खोड ठाऊक झालीय, मी तिला धरून चालवते. खट्याळ गाईला चालवावं तशी.

दुकानदार : ही काउंटरवर ठेवलीत तीच ना ती? बदल्यात द्यायची तर एकदा चालवून बघतो.

धाकटी : राहू द्या. भंगारच धरा तिला.

दुकानदार : दोन मिनिटांचं काम आहे.

धाकटी : नको म्हटलं ना. घाई आहे आम्हाला.

थोरली : कसली घाई? घरात कोण ताटकळलंय? चालवा हो तुम्ही. त्यासाठीच तर आणली. ही म्हणत होती, कशाला एवढं ओझं उचलायचं. मीच गाडीत घातली आणि मांडीवर धरून बसले.

(दुकानदार जुन्या मशीनवर कापडाची लांब पट्टी शिवतो आणि थोरलीसमोर ठेवतो.)

दुकानदार : मोजपट्टी लावून बघा, बाई. केसभर हललेली नाही. ही अजून वीस वर्षं चालेल. तेलपाणी मात्र कुणीतरी फार जिवापाड केलंय हिचं.

थोरली : हिनेच.

धाकटी : आज चालली नीट. रोज नाही चालत. गार हवा असली की...

थोरली : पुरे.

धाकटी : जाऊबाई, ऐका तर...

थोरली : पिशवीतली निळ्या-पांढऱ्या चौकोनांची ओळ काढ. काढ म्हटलं. हां. आता तुम्ही बघा हो, तुमची नजर तयार आहे. ही टीप कशी आहे?

दुकानदार : सरळ.

थोरली : आणि तिच्या शेजारी?

दुकानदार : शेजारी... भोकं दिसताहेत. सुईची. म्हणजे आधी इथून एक टीप गेली होती. ती उसवून ही दुसरी मारलीय. आधीची जरा वाकडी होती.

थोरली : जरा. जीभ गोड आहे तुमची. घाटातल्या रस्त्यासारखी गेलीय ती. कापड धुतलं की भोकं बुजतात, पण कोऱ्या कापडात राहतात. मला बघावं लागत नाही. बोट फिरवलं की कळतं. आणि टोकाला ही उलटी टीप. तुकडे जोडताना मी उलटी टीप घालत नाही, पुढची शिवण त्याच्यावरून जाणारच असते. ही घालते. तीन टाके पुढे, तीन मागे. एवढी वर्षं झाली, पण हिला अजून सगळं सुटून जाईल अशी भीती वाटते.

धाकटी : तुम्हाला कधी कळलं?

थोरली : मागे आपण ती पांढरी गोधडी केली तेव्हा. तू कधीपासून उसवतेस?

धाकटी : त्याच्या आधीपासून.

थोरली : कधी करतेस?

धाकटी : तुम्ही दुपारी आडव्या होता तेव्हा. रोज थोडं थोडं. ज्या टिपा नीट असतात त्यांना हात लावत नाही मी.

थोरली : उपकार झाले.

धाकटी : तुमच्या पायामुळे होतं ते. डॉक्टर म्हणाले ना, उजव्या तळव्याला जाणीव कमी झालीय. पेडल किती दाबलं जातंय ते तुम्हाला कळत नाही. मी स्वयंपाकघरात असते, तिथून ऐकू येतं. तुमचं गाणं संथ चाललेलं असतं आणि मध्येच मशीन उधळते. गाणं थांबतं. मग तुम्ही बराच वेळ काहीच करत नाही.

थोरली : तेव्हा बाहेर येऊन बोलली का नाहीस?

धाकटी : बोलले असते तर तुम्ही मशीनवर झाकण घातलं असतं आणि परत काढलं नसतं. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? म्हणून मशीनवर ढकललं. तिला काय वाईट वाटणार होतं?

थोरली : आणि मला काय वाटत होतं, ठाऊक आहे? तू मला उठवायला बघतेयस. नऊ इंचाची मशीन, तुझी खुर्ची, तुझा दिवा. म्हातारीला द्या भाजी निवडायला. म्हटलं, एकदा परक्या माणसाच्या हाताने बघून घेऊ, मशीन वाकडी की मी.

धाकटी : मी तुम्हाला उठवीन?

थोरली : लपूनछपून करणाऱ्याबद्दल माणसाला काय वाटावं? तुला मी उसवायला लावलं ते समोर बसवून. दोष कुठे आहे त्यावर तुझं बोट ठेवून. तू माझं उसवलंस ते मी झोपल्यावर. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ हातात घ्यायची आणि मनात म्हणायचं, वा, काल बरी जमली. आठवडाभर म्हटलं मी तसं. आठवडाभर खूश होते.

धाकटी : चुकलं माझं.

दुकानदार : मी जरा आत जाऊन येतो. तुमचं चालू द्या.

थोरली : थांबा. तुमच्याकडेच काम आहे. पाय न लावता चालेल अशी मशीन आहे का?

दुकानदार : आहे की. ही कोपऱ्यातली. पेडल काढूनच ठेवायचं. हे बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. ही पट्टी कासवाच्या चित्राकडे सरकवली की हळू, सशाकडे नेली की जोरात. कासवावर असली की काही केल्या पळत नाही. शिकाऊ पोरांना आम्ही हीच देतो.

थोरली : म्हणजे मला पहिलीत बसवलंत.

दुकानदार : तसं नाही हो म्हणायचं मला...

थोरली : असू दे. तिथूनच आले होते मी. मध्ये जागा किती?

दुकानदार : सहा इंच. गोधडी आत मावायला अडचण होईल.

थोरली : ते काम जुनीवर होईल. जुनी बदल्यात द्यायची नाही. ती आता हिची.

धाकटी : नको. ती तुमची आहे.

थोरली : तेल कोण घालतं? मग झालं तर. दोन चौकोन दे इकडे. निळा आणि पांढरा. कासवावर ठेवा हो ती पट्टी.

धाकटी : दोरा ओवून देऊ?

थोरली : डोळे शाबूत आहेत माझे. हं. दाबलं.
*चिंधीला गं जोड चिंधी, काठाला गं लाव काठ,*
*कुठलीशी, कुणाची गं, एक झाली पायवाट.*
गाणं संपलं आणि टीप अर्ध्यावरसुद्धा नाही.

दुकानदार : कासव आहे ते, बाई.

धाकटी : मग गाणं लांबवा.

थोरली : *चिंधीला... गं... जोड... चिंधी...* बोलू नका मध्ये. *काठाला... गं...* हां. झाली. मोजपट्टी लाव.

धाकटी : सरळ आहे.

थोरली : तोंडाने मोजू नकोस. पट्टी लाव.

धाकटी : सुरुवातीपासून सरळ आहे. शेवटच्या बोटभरात एक सूत बाहेर गेलीय. चालेल तेवढं.

थोरली : एका ओळीत चौकोन किती?

धाकटी : सोळा.

थोरली : सोळा वेळा एक एक सूत. चालेल?

धाकटी : नाही चालणार.

थोरली : मग काय करायचं?

धाकटी : उसवायचं.

थोरली : ती टोकदार कात्री तुझ्या पर्समध्ये असते. काढ.

धाकटी : इथे? दुकानात?

थोरली : हो. ते स्टूल ओढ इकडे आणि बस माझ्यासमोर.