बिडी सुटली अन् नाक जागं झालं

माझं नाव गुरनाथ, पण नावानं हाक मारणारं आता कोणी ऱ्हायलं न्हाई, सगळे अप्पाच मनतात. गाव आमचं देवणी तालुक्यात, कर्नाटकाच्या सीवेला लागून, मनून आमच्याकडं आईला अव्वा मनतात. वडील शेती करायचे, थोडी व्हती. मी लातूरला आयटीआय केलं अन् वायरमन मनून नौकरीला लागलो. तीस-बत्तीस वर्षं खांबावर चढलो बगा, ऊन न्हाई, वारा न्हाई, कुठं लाईट गेली का अप्पाला बोलवा.

बिडी मला कोणी जबरदस्तीनं शिकवली न्हाई. लाईनीवर काम असलं का सबस्टेशनहून लाईन बंद व्हायची वाट बघत बसावं लागायचं, घंटा घंटा, अन् रिकामं बसवत न्हाई माणसाला, मंग बाजूचा एक पेटवायचा अन् एक माझ्या हातात द्यायचा. वाट बघताना बिडी, खांबावरून उतरलं का बिडी, जेवलं का बिडी. दिवसाला दोन बंडल कवा झाले ते मलाच कळलं न्हाई.

बायको माझी महानंदा, उदगीरची. बोलायला कमी, कामाला लई. लेक झाली, सुरेखा, ती सहा-सात महिन्याची असंल, तवा महानंदानं आपलं अंथरूण आतल्या खोलीतून उचललं अन् ओसरीवर टाकलं. मनली, आत लई उकडतं, लेकरू झोपत न्हाई. बरं मनलं. हिवाळा आला, तरी आत आली न्हाई. मी मनलं, आता कशाचं उकडतं? ती मनली, मला सवय झाली बाहेरची, तुमी झोपा. काय सांगू तुमाला, येवढीच गोष्ट, पण मला वाटलं हिचं माझ्यावर मन न्हाई. विचारायची हिंमत झाली न्हाई. मनात गाठ बांधली, मी बी कमी बोलायलो, अन् ज्या दिवशी लई वाईट वाटंल त्या दिवशी दोन बिड्या ज्यादा. वीस-बावीस वर्षं एका घरात काढली आमी, एक आत अन् एक ओसरीवर. लेकीचं लग्न झालं, ती नांदेडला गेली. मंग एक दिवस महानंदाला ताप आला, तीन दिवस दवाखान्यात काढले अन् चौथ्या दिवशी ती न्हाई. भांडण असतं तर मिटवलं असतं, आमचं भांडण बी न्हाई झालं कधी.

ती गेल्यावर तर मी खाटेवर पडल्या पडल्या ओढू लागलो. कोण बोलणार?

नौकरीची दोन वर्षं ऱ्हायली व्हती. एका शेतात तार तुटली, लाईन बंद करून घेतली, खांबावर चढलो, अन् वर गेल्यावर दमच पुरंना. हवा आत जायला तयार न्हाई. कमरेच्या पट्ट्यात लटकून ऱ्हायलो, वर बी जाता येईना अन् खाली बी येता येईना. खालून तो शेतकरी वरडायला, अप्पा, काय झालं, अप्पा! माझ्या तोंडातून शब्द निघंना. त्यानं आणखी दोघांना बोलावलं, सिडी लावली अन् लेकरावानी धरून मला उतरवलं. खुरपायला आलेल्या बाया उभ्या ऱ्हाऊन बघत व्हत्या. ज्या खांबावर मी पळत चढायचो ना, त्या खांबावरून मला उतरवलं. त्या दिवशी लई लाज वाटली.

लातूरला छातीच्या डाक्टरकडं गेलो. डाक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. एका नळीत फुंकायला लावलं, फुंका अप्पा, आणखी, आणखी, थांबू नका. माझी फुंक तिथंच संपली. मंग ती मनली, खोटं सांगत न्हाई तुमाला, फुप्फुसाचं जे खराब झालं ते पहिल्यासारखं व्हणार न्हाई. पण आज सोडली तर पुढची खराबी कमी व्हईल, अन् दम बी कमी लागंल. मनली, श्वासाच्या नळ्यांत बारीक बारीक केस असतात, घाण वर लोटायचं त्यांचं काम, ते धुरानं निपचित पडलेत. सोडल्यावर कामाला लागतील, मंग आधी खोकला वाढंल, भिऊ नका, झाडलोट चालू झाली समजा. पण रक्त दिसलं किंवा दम वाढला तर तसंच निघून या. तलफ मारायला चघळायच्या गोळ्या दिल्या. अन् मनली, थोडे दिवस चिडचिड व्हईल, घरातल्यांना सांगून ठेवा. मी हाव मनलं. घरातल्यांना! कोणाला सांगू, भिंतीला?

सोडली. हात शिवशिवायचे, खिशाकडं जायचे. स्टँडजवळच्या हाटेलात आमची चार माणसं बसायची, सगळी ओढणारी. तिथं गेलो का जीव तळमळायचा, मनून जाणं बंद केलं. चार दिवस त्यांनी बोलावलं, मंग बोलावणं सोडलं. बिडी सुटली ती सुटली, दोस्त बी सुटले. महिनाभर खोकला, काळपट बेडके पडायचे, पण मला डाक्टरणीनं सांगितलेलं ध्यानात व्हतं.

मंग एका सकाळी शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली अन् मला वास आला. इतक्या वर्षांनी वास आला बगा! मी ज्वारीचं पीठ हुंगलं, साबण हुंगला, येड्यावानी हसायलो एकटाच. दुपारी आतल्या खोलीत गेलो अन् नाकात काईतरी घुसलं. शिळं, आंबट, जळकं. मला वाटलं उंदीर मेला. खाटंखाली बघितलं, पेटीमागं बघितलं. गोधडी उचलली तर तो वास गोधडीचा. सदऱ्याला तोच, भिंतीला तोच. तो वास माझाच व्हता. मी तिथंच खाली बसलो. उकाड्यापायी गेली न्हवती ती ओसरीवर.

लेकीला फोन लावला. मनलं, सुरेखा, तुझी अव्वा बाहेर कामून झोपायची? ती मनली, अप्पा, आता कशाला? मी मनलं, सांग. ती मनली, धुरानं माझी छाती भरायची मनून मला घेऊन बाहेर गेली, तिला बी वास सोसवत नव्हता. मी मनलं, मंग मला कामून सांगितलं न्हाई? मनली, अव्वानं शपथ घातली व्हती. मनायची, दिवसभर खांबावर जीव टांगून असतात, घरी तेवढाच इसावा हाय त्यांना, आपल्याला वास येतो कळलं तर घरात बसायची बी लाज वाटंल. अन् मनली, अप्पा, तुमचा खोकला थांबल्याशिवाय अव्वा डोळा लावत नव्हती.

फोन ठेवला. सगळे कपडे धुतले, गोधडी धुतली, भिंतीला चुना दिला. दोन दिवस तेच करत ऱ्हायलो. आणखी काय करणार.

आता रिटायर झालो. टेकडीवर महादेवाचं देऊळ हाय, पहिले तीन ठिकाणी बसायचो, आता मधी एकदा उभा ऱ्हातो अन् पोचतो. परवा लातूरला परत फुंकलो, डाक्टरीण खूश झाली, मनली अप्पा, पहिल्यापेक्षा बरं हाय. बाहेर आलो, कोणाला तरी सांगावं वाटलं. बसमधी बाजूच्या माणसाला सांगितलं, माझी फुंक वाढली बगा. तो बरं बरं मनला अन् नळेगावला उतरून गेला.

लेक येते दिवाळीला, आता मुक्काम करते, नातीला घेऊन आतल्या खोलीत झोपते. दोन दिवस. मंग परत मी हाय अन् घर हाय. छाती मोकळी झाली, पण मोकळ्या छातीनं बोलावं असं माणूस न्हाई. तुमी आलात मनून येवढं बोललो, बगा, दम लागला न्हाई. तुमच्या घरात कोणी ओढत असंल तर त्याला सांगा, वास येतो मनून सांगा. रागावंल, वाईट वाटंल त्याला, वाटू द्या. पण गप बसू नका. महादेव तुमचं भलं करो. चहा थंड झाला तुमचा, थांबा, दुसरा ठेवतो.